उलटं टांगलेलं आंब्याचं पान

किसनमामांबद्दल खरं सांगायचं मी आजवर टाळत आलो. किती वर्षं, ते मोजत बसत नाही; आकडा ऐकून मलाच लाज वाटेल. कुणी त्यांचा विषय काढला की मी त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल चार गोड वाक्यं बोलायचो आणि पावसापाण्याकडे वळायचो. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या मुलीनं, सुमननं, पहिल्या स्मृतिदिनाला एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं आणि मला फोन केला, "सर, बाबांवर तुम्हीच लिहा. त्यांना घडवलं तुम्ही." मी दोनदा लिहिलं. दोन्ही वेळा मजकूर इतका सुरेख उतरला की फाडून टाकावा लागला. हा तिसरा. हा सुरेख नाही.

किसनमामा आमच्या शाळेत शिपाई होते. शिरूर आणि दौंड यांच्या मध्ये, भीमेच्या काठाला असलेलं ते गाव. गावाचं नाव लिहीत नाही, गावाचा काही दोष नव्हता. मी तिथं विज्ञानशिक्षक म्हणून लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, नवी टेरिलिनची पँट होती आणि रसायनशास्त्र घेऊन मिळवलेली सेकंड क्लासची बी.एस्सी. होती. शाळेत विज्ञानाला शिक्षक एकच, त्यामुळे जीवशास्त्रही माझ्याच गळ्यात पडलं. जीवशास्त्रातलं मला इतकंच ठाऊक होतं की पानं हिरवी असतात.

प्रयोगशाळा म्हणजे सोसायटीच्या खताच्या गोदामाला लागून असलेली एक पत्र्याची खोली. पहिल्याच दिवशी आत शिरलो तर एक माणूस दाढीच्या वस्तऱ्यानं बटाटा कापत बसलेला. मी दरडावलं, "अरे, इथं स्वयंपाक करायचा नाही."

"सैपाक न्हाई सर," तो उठून उभा राहत म्हणाला. "बटाट्यात आंबा हाय."

बटाट्याला मधोमध खाच पाडून तिच्यात आंब्याच्या पानाची एक पट्टी उभी बसवली होती. नुसतं पान कापायला गेलं तर लवतं. बटाट्यात धरलं की ताठ राहतं. वस्तरा पाण्यात भिजवून किसनमामा तो बटाट्यावरून आपल्याकडे ओढत, आणि ओढत म्हणणंही चूक. "वस्तरा वढायचा न्हाई, त्याला जाऊ द्यायचा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कापलेलं सगळं त्यांनी बशीतल्या पाण्यात सोडलं. मी वाकून पाहिलं, बटाट्याच्या चकत्यांशिवाय काही दिसेना.

"पान कुठंय?"

"दिसला त्यो काप फेकायचा सर. दिसंना त्यो ठेवायचा." रंगाच्या कुंचल्याच्या टोकानं त्यांनी पाण्यातून जवळजवळ काहीच नाही असं काहीतरी उचललं, काचपट्टीवर ठेवलं, लाल रंगाचा थेंब टाकला, वर पातळ काच सोडली आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. "आता बघा."

पानाच्या आत काय असतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "ठीक आहे," मी म्हणालो. शंभर वेळा पाहिलेला माणूस म्हणतो तसं.

वयानं ते माझ्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी मोठे. मुलं त्यांना मामा म्हणायची. मी "अरे किसन" म्हणायचो. सगळेच शिक्षक तसं म्हणायचे, असं मी स्वतःला सांगत आलोय; पण सगळेच शिक्षक त्यांच्याकडून जीवशास्त्र शिकत नव्हते. तरुणपणी पुण्यातल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी आठ वर्षं बाटल्या धुतल्या होत्या, आणि धुता धुता सगळं पाहून घेतलं होतं. आई अंथरुणाला खिळली म्हणून गावी परत आले. चाळिशीला आल्यावर बाहेरून मॅट्रिकला बसले आणि पास झाले. गावातल्या बुद्धविहारासमोर तेव्हा त्यांचा हार घालून सत्कार झाला होता. शाळेत कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी घंटा त्यांनीच दिली.

पानाचा धडा आला की मी "जरा ऑफिसात जाऊन येतो, तोवर यांना काप दाखव" म्हणून बाहेर पडायचो आणि खिडकीच्या भिंतीला पाठ लावून उभा राहायचो. हातात वही. आत किसनमामा सुरू व्हायचे.

"पानाला वरनं मेणाचा हात दिलेला असतो. त्याच्याखाली ही एकेरी फरशी, काचंवानी. तिच्यात हिरवं न्हाई, कारण तिनं उजेड आडवायचा न्हाई. तिच्याखाली हे खांब बघा, एकाला एक खेटून उभं. समदं हिरवं ह्यांच्यात. उन्हात रांधायचं काम ह्यांचं. त्याच्याखाली हे ढिल्लं-ढिल्लं, बाजारात माणसं उभी ऱ्हात्यात तसं. मधी मोकळी जागा कशापायी? हवा हिंडाया. मधनं ही शीर. तिच्यातल्या एका नळानं पाणी येतं, दुसऱ्यानं रांधलेलं जातं. आन् समद्यात खाली दारं."

"दारं खाली का, मामा?"

"तुझ्या घराला छपरात दार हाय का? वर ऊन असतंय लेकरा. आंब्यानं दारं वर ठेवली तर दुपारपातुर वाळून जाईल. आन् एकेका दाराला दोन राखणदार. पाणी प्याले की फुगत्यात आन् दार उघडतं. तहानले की दार बंद. आपल्या गावात उलटं हाय. हितं राखणदार प्याला की दार उघडंच, आन् त्यो आडवा."

मुलं हसायची. मी खिडकीबाहेर राखणदार खोडून रक्षकपेशी असं लिहून घ्यायचो आणि पुढच्या तासाला तेच सगळं छापील भाषेत, न हसवता सांगायचो.

दुष्काळ नुकताच सरला होता. त्यावर ते एकदा म्हणाले होते, "दुष्काळात पानानं तोंड मिटलं म्हणून झाड ऱ्हायलं. पर तोंड मिटलं की पोटालाबी काय मिळत न्हाई. किती येळ मिटायचं, ते पानाला कळतं." मी हेही लिहून घेतलं होतं. परीक्षेत विचारण्यासारखं नव्हतं म्हणून मागून खोडलं.

तिसऱ्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. शाळेला प्रयोगशाळा सहायकाची एक जागा मंजूर झाली. मॅट्रिकची अट होती, आणि किसनमामांनी अर्ज केला. आणि दौंडला विज्ञान प्रदर्शन भरणार असल्याचं पत्र आलं. हेडमास्तर मला म्हणाले, "सर, काहीतरी मोठं करा. संस्थेचं नाव झालं पाहिजे. किसनचाही हात लागू द्या, म्हणजे कमिटीपुढं त्याचं नाव घ्यायला मला बरं."

ती जागा किसनमामांना किती हवी होती ते त्यांनी मला एकदाच, सूक्ष्मदर्शक पुसता पुसता सांगितलं होतं. "सुमन नववीत हाय ना सर, आपल्याच शाळंत. वर्गातली पोरं तिला म्हंत्यात, तुझा बाप घंटा बडवतो. ह्या कपाटाची किल्ली माझ्या कंबरंला आली म्हंजी बास."

मी पानाच्या छेदाची मोठी प्रतिकृती करायचं ठरवलं आणि शनिवारी सूक्ष्मदर्शक, सोबत किसनमामांनी केलेली काचपट्टी, खोलीवर घेऊन गेलो. रविवारी सकाळी स्वतःच्या हातानं पट्टी ठेवून भिंगात पाहिलं आणि उडालोच. खांब खाली! दारं वर! पुस्तक काढलं. पुस्तकात खांब वर, दारं खाली. आता कुठलाही शहाणा माणूस काय म्हणेल? मी म्हणालो, पुस्तक चुकलंय. भीमाकाठच्या आंब्याची रचनाच वेगळी आहे आणि ती मला सापडली आहे. खरं सांगतो, त्या रात्री मी एका विज्ञानमासिकाला पत्राचा मसुदासुद्धा केला.

खरी गोष्ट पोरासोरांना ठाऊक असते: सूक्ष्मदर्शकातून उलटं दिसतं. मला ती तीन वर्षांत कळली नव्हती, आणि त्याला कारण किसनमामा. सरांना आणि मुलांना सुलटं दिसावं म्हणून ते प्रत्येक वेळी काप मुद्दाम उलटा ठेवायचे, आणि त्याबद्दल कधी बोलायचे नाहीत. त्या रविवारी पट्टी मी ठेवली, एवढाच काय तो शोध.

सोमवारी मी त्यांना चित्र दाखवलं. त्यांनी ते एकदा सरळ धरलं, एकदा फिरवून धरलं.

"सर, हे उलटं झालंय."

"उलटं नाही. हा शोध आहे."

"शोध असंल सर. पर पट्टी येकडाव फिरवून बघू का? भिंगातनं उलटं दिसतं."

"किसन, बी.एस्सी. कोण झालंय? मी का तू?"

"तुम्हीच की," ते म्हणाले, आणि कागदाचा लगदा भिजवायला गेले.

सहा फुटी फळीवर त्यांनी जे उभं केलं ते आजही माझ्या डोळ्यांपुढं आहे. रद्दीचा लगदा, मेथीचं पीठ घालून चिवट केलेला. दाणे काढलेली मक्याची कणसं हिरवी रंगवून खांब केलेले. आणि राखणदार सायकलच्या ट्यूबचे. दोन तुकडे समोरासमोर, टोकं एकत्र बांधलेली, दोघांच्या आतल्या अंगाला पंक्चरची ठिगळं. पंपानं हवा भरली की ठिगळाची बाजू ताणायची नाही, बाहेरची ताणायची; दोन्ही तुकडे धनुष्यासारखे वाकायचे आणि मध्ये दार उघडायचं. हवा सोडली की बंद. मी खुर्चीवर बसून सूचना देत होतो. एकच सूचना खरी होती: खांब खाली, दारं वर. त्यांनी तसं केलं. फक्त नावांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या नाहीत, टाचणीनं लावल्या. आणि फळीला टांगायच्या कड्या वर दोन, खाली दोन ठोकल्या. "खाली कशाला?" मी विचारलं. "वजनाला बरं," ते म्हणाले.

एसटीच्या टपावर फळी बांधून, तिच्याशेजारी स्वतः बसून त्यांनी ती दौंडला नेली. मी आणि हेडमास्तर आत बसलो होतो. तिथल्या शाळेच्या सभागृहात मी चहा पिऊन पोचलो तेव्हा प्रतिकृती भिंतीवर टांगून झाली होती. खांब वर, दारं खाली. चिठ्ठ्यासुद्धा जागच्या जागी.

मी आजूबाजूला कोण आहे तेसुद्धा पाहिलं नाही. "कुणाला विचारून फिरवलंस? लाव परत!"

"सर, लोकं हसतील. तुम्हाला हसतील," ते हळूच म्हणाले.

"लाव म्हणतो ना!"

त्यांनी लावलं. पाचच मिनिटांत तपासणीचे साहेब आले. चष्मा कपाळावर, मागे हेडमास्तर. साहेबांनी सहा फुटी पानाकडे पाहिलं, मान तिरकी केली.

"काय हो, पान शीर्षासन करतंय की काय?"

मागे दोन शिक्षक हसले. मी शोधाबद्दल बोलायला तोंड उघडलं, आणि साहेब सहज म्हणाले, "सूक्ष्मदर्शकात पाहून काढलं वाटतं? पोरं करतात ही चूक." त्या क्षणी मला तीन वर्षांचं सगळं एकदम कळलं. आणि मी ऐकलं, माझाच आवाज म्हणत होता, "नाही साहेब, शिपायानं उलटं टांगलं. मी आत्ताच त्याला ओरडत होतो."

ओरडताना आजूबाजूच्यांनी पाहिलंच होतं. साक्षीदार आयते होते.

साहेब किसनमामांकडे वळले. "काय हो, पानाचं वर-खाली कळत नाही तुम्हाला?"

किसनमामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो, तेही खोटंच. ते म्हणाले, "चुकलं साहेब." स्टुलावर चढले, फळी काढली, फिरवली, खालच्या कड्यांवर टांगली, चिठ्ठ्या बदलल्या. दोन मिनिटं लागली असतील. मग पंप मारून दार उघडून दाखवलं. साहेब लहान मुलासारखे खूश झाले. "वा! ही ट्यूबची कल्पना कुणाची?"

"माझीच," मी म्हणालो. खोटं बोलायला एकदा सुरुवात झाली की दुसऱ्या खोट्याला काही श्रम पडत नाहीत.

पहिला नंबर आला. परतीच्या एसटीत हेडमास्तर पेंगत होते. फळी दौंडलाच ठेवून घेतली होती, म्हणून किसनमामा आत, माझ्या मागच्या बाकावर. बऱ्याच वेळानं ते पुढं वाकून म्हणाले, "सर, येक इनंती हाय. साहेब मला बोलले, ते गावात काढू नका. पोरगी शाळंत हाय."

"छे छे," मी म्हणालो.

मी काढलं नाही. हेडमास्तरांनी काढलं, आणि आठ दिवसांनी कमिटीपुढंच काढलं. "हात आहे हो त्याला, पण दौंडला सगळ्यांसमोर पान उलटं टांगलं. उद्या इन्स्पेक्शनला काय करेल?" चेअरमन विड्याचं पान जुळवत म्हणाले, "वस्तरा धराया आला म्हंजी लॅब कळली असं न्हाई. माणसाला आपापलं काम बरं." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा मास्तर. तुमच्या हाताखाली हाय."

खोलीत पाच माणसं होती. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती. कायम करणारे हेच पाच. मी म्हणालो, "कष्टाळू आहे, पण..." आणि थांबलो. पुढचं त्यांनीच समजून घेतलं. जागा चेअरमनच्या भाच्याला मिळाली. जून महिन्यात मी कायम झालो.

भाचा भला मुलगा होता. तो काचपट्ट्या फोडायचा आणि स्वतःच हळहळायचा. पानाचा धडा आला तसं मी नेहमीसारखं म्हणालो, "किसन, जरा काप करून ठेव."

"आता असिस्टंट हायेत की सर," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी खणातून वस्तरा काढला. तो त्यांचा स्वतःचा होता, हे मला त्या दिवशी कळलं. फडक्यात गुंडाळून खिशात टाकला आणि घंटा द्यायला गेले. त्यानंतर काप मी करायचो. माझे काप भाकरीसारखे जाड व्हायचे, सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळोख. मुलं विचारायची, "सर, खांब कुठंयत?" खिडकीबाहेर आता कुणी उभं नव्हतं, हेच नशीब. दीड वर्षानं मी शिरूरच्या शाळेत बदली करून घेतली. निरोपसमारंभात हार माझ्या हातात द्यायला तेच होते.

पुढं मी किती वेळा त्यांच्याकडे निघालो याची यादी विनोदी होईल. एकदा एसटीत बसून अलीकडच्या गावाला उतरलो आणि भेळ खाऊन परत आलो. पत्रं लिहिली, त्यांत सुरुवातीला हवापाणी इतकं यायचं की माफीला जागा उरायची नाही. सुमन शिकली, नर्स झाली, दौंडला दवाखान्यात लागली आणि वडिलांना घेऊन गेली, हे मला कुणाकुणाकडून कळत राहिलं. शेवटी आम्ही दोघंही म्हातारे झाल्यावर, गुडघ्याला पट्टा बांधून मी त्यांच्या घरी जाऊन उभा राहिलो.

दारात जास्वंद होती. आत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली खाटेवर किसनमामा, पांढरा सदरा, पाठ अजून ताठ. "आरं, सर! सुमन, बघ कोण आलंय!" त्यांनी माझा हात धरून बसवून घेतलं. शेजारचे एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते, त्यांना म्हणाले, "हे आमचं सर. दौंडला आम्ही पयला नंबर काढलावता."

आम्ही. मी तोंड उघडलं. तेवढ्यात सुमन चहा घेऊन आली आणि पाहुण्याला बरं वाटावं म्हणून हसत म्हणाली, "बाबा तुमची ती गोष्ट अजून सांगतात, सर. त्यांच्याकडून पान उलटं लागलं होतं ना, आणि साहेब चिडले होते, तेव्हा तुम्ही कसं सांभाळून घेतलं होतंत ते."

किसनमामा माझ्याकडे पाहत होते. त्या दिवशी दौंडला पाहिलं नव्हतं, ते आता पाहत होते. वाट पाहत होते, असं मला वाटलं, कदाचित नसतीलही. एक वाक्य होतं, पाठ करून आणलेलं. सत्तरी गाठत आलेला, निवृत्त, कुणाच्याही कमिटीला न भिणारा माणूस होतो मी.

"चहा छान झालाय," मी म्हणालो.

किसनमामांनी नजर काढून घेतली. "सरांना अजून घाल गं थोडा," ते सुमनला म्हणाले. "लांबनं आलेत."

पुन्हा यायचं म्हणून मी उठलो. पुन्हा गेलो तो किसनमामा वारल्यावर. शोकसभेत माझं भाषण झालं. पान आपलं अन्न कसं तयार करतं यावर मी दहा मिनिटं बोललो. लोकांना आवडलं.

सुमन, हे तुझ्या पुस्तिकेत छापायचं की नाही ते तू ठरव. पाठ करून नेलेलं वाक्य मात्र मी जसंच्या तसं लिहितो, निदान तुला तरी वाचता येईल: किसनमामा, तुम्ही पान बरोबर टांगलं होतं. ते उलटं मी करायला लावलं, तुमचं नाव मी सांगितलं, आणि कमिटीपुढं गप्प मी बसलो. तुमची जागा माझ्यामुळे गेली. मला माफ करा.